पुढचा शुक्रवार कोणाचा

बाईंनी पहिल्याच भेटीत मला पिवळी पडलेली मेथी विकली.

प्रवरेकाठच्या एका मोठ्या गावातल्या कॉलेजात मला अर्थशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या वेळचे सरपंच ओळखू येतील, आणि ते आता माझे शेजारी आहेत, आमची भिंत सामाईक आहे. संगमनेर एका अंगाला, बेलापूर दुसऱ्या अंगाला, मध्ये कुठंतरी, एवढ्यावर भागवा. तिथं शुक्रवारी बाजार भरतो. सोमवारी रुजू व्हायचं म्हणून मी शुक्रवारीच येऊन खोली घेतली आणि संध्याकाळी पिशवी घेऊन बाजारात उतरलो. मी नगर शहरातला. एम.ए.ला बरे मार्क. मागणी-पुरवठ्याचे आलेख डोक्यात अजून ओले. कुणावर तरी ते चालवून बघायची खाज होती.

भाजीच्या रांगेत गोणपाटावर एक चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या. अंगावर साधी सुती साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. समोर मेथीच्या जुड्या.

"भाव उतरवा," मी म्हणालो. "संध्याकाळ झालीय. तुमचा माल नाशवंत आहे. उद्या कोण घेणार?"

त्यांनी मला चष्म्यावरून नीट पाहिलं. "माल नाशवंत आहे, खरंय. पण तुम्ही बाहेरगावचे दिसता. पिशवी रिकामी, खानावळ ठाऊक नाही, आणि बाजार उठायला आलाय. तुमचा धीर माझ्या मेथीच्या आधी नासेल. घ्या."

मी घेतली. हुशारी दाखवायला एक जुडी जास्तच घेतली. खोलीवर येऊन सोडल्या तर आतून पिवळ्या. आणि खोलीवर स्टोव्ह नाही, हे त्यानंतर लक्षात आलं.

सोमवारी प्राचार्य मला विभागप्रमुखांच्या खोलीत घेऊन गेले. "या आमच्या मॅडम. या भागातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या पहिल्या बाई. इतिहासातही यांचं मोठं काम आहे." मी नमस्काराला वाकलो तर टेबलाखाली तेच कॅनव्हासचे बूट.

"मेथी कशी झाली?" बाईंनी विचारलं.

"छान झाली," मी म्हणालो.

"खोटं बोलतोस. स्टोव्ह घेतलास का आधी?"

शुक्रवारचं 'तुम्ही' सोमवारी 'तू' झालं, ते शेवटपर्यंत राहिलं. मेथी त्यांची नव्हतीच. ताराबाई नावाची भाजीवाली लेकीच्या बाळंतपणाला गेली होती आणि तिची सून तेव्हा लहान, नवखी. बाजारातली जागा रिकामी ठेवायची नसते, म्हणून विभागप्रमुख तिच्या जागेवर बसल्या होत्या. मी जरा चाचरत विचारलं, "मॅडम, पण आपण प्राध्यापक. बाजारात बसायचं म्हणजे..."

"म्हणजे काय? नदीवर लिहिणारा पाण्यात उतरतोच ना? आणि मला मॅडम म्हणू नकोस. मॅडम म्हटलं की मला कुणीतरी गॅसच्या नंबराला उभं केल्यासारखं वाटतं. बाई म्हण."

बाईंचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: "कोण काय बोलतं ते नंतर. आधी कोण कुठं बसतं ते बघ." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की माझ्या आईनं 'जेवलास का' तेवढ्या वेळा विचारलं नसेल. वर्गात, बसस्टँडवर, मयताला गेल्यावरसुद्धा. स्टाफरूममध्ये पंख्याखालच्या खुर्चीकडे कोण दर आठवड्याला वीतभर सरकतंय, यावरून त्यांनी पुढचा उपप्राचार्य कोण होणार ते सांगितलं होतं. तसंच झालं. मग एकदा माझ्याकडे मोर्चा वळला.

"प्राध्यापक, लग्न ठरवतोयस वाटतं. हल्ली ग्रंथालयात खिडकीशी न बसता काउंटरसमोर बसतोस."

ते खरं होतं. बाईंचं शास्त्र चुकलं नव्हतं. फक्त काउंटरवरच्या बाईंचं लग्न आधीच झालेलं होतं, आणि ते काही त्यांच्या बसण्यावरून कळण्यासारखं नव्हतं. मला तरी कळलं नाही. त्यांचे यजमान येऊन भेटल्यावर कळलं.

बाईंच्या पर्समध्ये कायम एक घडी घातलेलं गोणपाट असायचं. रुमाल नसायचा, पण गोणपाट असायचं. कुठं बसायला जागा दिली नाही की त्या ते काढून अंथरत, आणि मग ज्यांनी जागा दिली नाही त्यांची धांदल उडे. पुण्याच्या एका मोठ्या चर्चासत्रात त्यांना खुर्ची मिळाली होती, पण शेवटच्या रांगेतली, आणि बोलायला वेळ जेवणाच्या आधीचा, जेव्हा लोक ताटांच्या आवाजाकडे कान लावून बसतात. एक नावाजलेले प्राध्यापक आधीच बोलून गेले होते की आठवडे बाजारातल्या बायकांचा अभ्यास वगैरे ठीक आहे, पण त्याला अर्थशास्त्र म्हणता येईल का, याची शंका आहे.

पडद्यावर बाईंची चित्रं दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी पेनड्राइव्ह लावला. बाईंनी घसा साफ केला. पडद्यावर माझ्या चुलतबहिणीची हळद आली.

घाईत मी भलताच पेनड्राइव्ह आणला होता. पुढचं चित्र लावलं, त्यात मीच होतो, तोंडभर हळद आणि डोक्यावर परात. सभागृहात खसखस पिकली. त्या नावाजलेल्या प्राध्यापकांनी समाधानानं मान डोलावली. मला वाटलं, आता खाली बसावं आणि नुसतं खालीच जात राहावं.

बाईंनी पडद्याकडे वळून पाहिलं. जराही अडखळल्या नाहीत. "मागचं चित्र लाव," म्हणाल्या. मग हातातली छत्री पडद्याला टेकवून बोलायला लागल्या. "या घरात पैसा कुणाच्या हाती आहे, ते या चित्रात दिसतं. नवरीच्या उजव्या हाताला बसलीय ती मोठी काकू. तिला कुणी उठवत नाहीये. या तिघी उभ्या आहेत, त्यांच्या हातात ताटं आहेत. यांना घरात वाटा नाही, फक्त काम आहे. आणि या कोपऱ्यात जी एकटी पाटावर बसलीय, पाठ भिंतीला लावून, तिच्या कमरेला किल्ल्या आहेत बघा." मग तिथून त्या बाजारात शिरल्या, बाजारातून जुन्या पेठांत, पेठांतून बायकांच्या हक्कांत. जेवणाची ताटं वाजायची थांबली. वाढपीसुद्धा दारात उभे राहून ऐकत होते. टाळ्या थांबेनात तेव्हा नावाजलेल्या प्राध्यापकांनाही वाजवाव्या लागल्या.

परतताना एसटीत मी माफी मागायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या किल्लीवालीला माझा नमस्कार सांग. आणि पुढच्या वेळी सांगून घोळ घाल. तयारी करता येते."

पण बाई या विषयाकडे वळल्या कशा, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मिरच्या निवडता निवडता. बाई सोनईकडच्या. आई बाजारात लाल मिरची घेऊन बसायची. घरात भाऊ नाही, ही एकटीच. आई गेली. त्यानंतरच्या बाजाराला ही शाळेतली पोर मिरचीची पाटी घेऊन आईच्या जागेवर जाऊन बसली. शेजारच्या बायकांनी जवळ घेतलं, गूळ-शेंगदाणे दिले आणि सांगितलं, "पोरी, जागा सुनंची असती. लेकीची न्हाई. ऊठ बाळा." जागा चुलतभावाच्या बायकोकडे गेली.

"कुणी भांडलं नाही, कुणी कागद दाखवला नाही," बाई म्हणाल्या. "घरातली जमीन पुरुषांच्या नावावर चढताना तलाठी लागतो, फेरफार लागतो, सही-अंगठा लागतो. आणि ही जागा सासूकडून सुनेकडे जाते, तिला काहीच लागत नाही. मला त्या बाजारानं उठवलं, म्हणून मी अर्थशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले. म्हटलं, हा कुठला कायदा आहे ते तरी बघू."

तोच त्यांचा प्रबंध. बाजारातली जागा ही बायकांच्या हातातून चालत आलेली मालमत्ता आहे, सातबाराच्याही पूर्वीची, हे त्यांचं म्हणणं. अर्थशास्त्रवाल्यांनी सांगितलं, हा इतिहास आहे, तिकडे न्या. इतिहासवाल्यांनी सांगितलं, कागद कुठंयत? हे अर्थशास्त्र आहे, तिकडे न्या. बाई दोन्ही दारांत आळीपाळीनं गोणपाट टाकून बसल्या आणि शेवटी दोन्हीकडून मान्यता घेऊनच उठल्या. पण 'ऐकीव माहितीवर आधारित' हा शेरा त्यांच्या पुस्तकाला चिकटला तो चिकटलाच. दर परीक्षणात यायचा. बाई हसून सोडून द्यायच्या. मला मात्र माहीत होतं की त्या तो शेरा विसरत नाहीत, कारण त्या दिवशी चहात साखर घालायला विसरायच्या.

मग बाई निवृत्त झाल्या आणि त्याच सुमाराला ग्रामपंचायतीनं बाजारतळ सुधारायचा घाट घातला.

योजना दिसायला झकास होती. मातीच्या मैदानावर पक्के ओटे, वर पत्रा, मध्ये फरशी. ओटे लिलावानं द्यायचे. ज्याची बोली मोठी त्याचा ओटा. टेम्पो भरून माल आणणारे व्यापारी आधीच चौकशीला येऊन गेले होते. ताराबाई, तिच्या शेजारी बोंबील विकणारी मार्थामावशी आणि त्यांच्या रांगेतल्या बायका लिलावात कसली बोली बोलणार? बाईंनी त्यांच्या वतीनं हरकत घेतली. सुनावणीला तालुक्याचे बीडीओ साहेब आले. तरुण माणूस, सरळ वाटला. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

सरपंच म्हणाले, "साहेब, मोकळ्या रानात हक्क कसला? आज ही हितं बसती, उद्या ती तिथं. जो आधी येईल त्यो बसंल. आमी कुनाच्या पोटावर पाय देत न्हाई."

बीडीओ बाईंकडे वळले. "मॅडम, तुमचं पुस्तक मी चाळलंय. पण पुस्तक पुस्तक झालं. याच मैदानात प्रत्येकीची जागा ठरलेली आहे, हे मला दाखवा. तसं असेल तर ओटे ज्यांचे त्यांना जातील, लिलाव होणार नाही. नसेल तर मी योजना मंजूर करेन."

आता एका बाजूला त्या बायकांचा शुक्रवार होता आणि दुसऱ्या बाजूला बाईंचा सगळा जन्म. बाईंनी हे काम कुणाला सांगावं? मला. बाजाराचा नकाशा काढ. टेप घे, प्रत्येकीची जागा मोज, नाव लिही. मी जीव ओतून काढला. एका शुक्रवारी पाण्याच्या टाकीकडचा अर्धा भाग, पुढच्या शुक्रवारी म्हसोबाकडचा अर्धा. रंगीत पेन्सिली वापरल्या. भेंडीला हिरवा, मिरचीला लाल, सुकटीला करडा. इतका सुंदर नकाशा मी आयुष्यात काढला नव्हता, आणि पुन्हा काढायची कुणी संधीही दिली नाही.

पुढच्या सुनावणीला मी तो भिंतीवर लावला. सरपंच जवळ गेले, चष्मा चढवला आणि वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा फुलत गेला.

"सर," ते म्हणाले, "ही बोंबीलवाली मार्थामावशी टाकीपाशी बी हाय आन म्हसोबापाशी बी हाय. जुळी हाय का?"

मागं बसलेली मार्थामावशी ताडकन म्हणाली, "एकलीच हाय मी. एकलीच तुला जड जाती."

"आन ही ताराबाई तर कुटंच न्हाई. भेंडीच्या रांगंत ह्यांनी घुंगरमाळा, गोंडे, म्होरक्या मांडल्यात. साहेब, हितं भाजी मिळती का बैलाचा साज?"

सगळे हसले. बाईंनी मला हळूच विचारलं, "टाकीकडचा भाग कोणत्या शुक्रवारी काढलास?"

मी सांगितला.

"तो पोळ्याच्या आधीचा होता रे."

"हो. बैलांचं सामान बरंच आलं होतं खरं."

बाईंनी डोळे मिटले. नगर शहरात मी बैल पाहिला तो कॅलेंडरवर. मला काय ठाऊक, की पोळ्याच्या बाजाराला पुढची सगळी रांग आपण होऊन उठते, साजवाल्यांना जागा देते आणि म्हसोबाकडे सरकून बसते, आणि तिला जागा द्यायला मधल्या मार्थामावशीसारख्या काही जणी टाकीच्या कडेला जातात? पुढच्या शुक्रवारी ज्याची त्याची जागा परत. मी अर्धा बाजार पोळ्याचा आणि अर्धा नेहमीचा, असा शिवून ठेवला होता. काही बायका त्यात दोनदा आल्या आणि काही त्या शिवणीतून गळून पडल्या.

"बघा साहेब," सरपंच म्हणाले, "आमी ह्येच सांगत हुतो. आज हितं, उद्या तिथं. आता तर सरांनी रंगवून दिलं."

बीडीओंनी पेनचं टोपण काढलं.  ताराबाई माझ्याकडे बघत होती. रागानं बघती तर बरं वाटलं असतं.

बाई उठल्या. "साहेब, नकाशा चुकलाय. हा माझा प्राध्यापक चुकलाय. बाजार चुकलेला नाही. बाजार मुळीच न भरणारा एखादा दिवस सांगा. मंगळवार चालेल? मंगळवारी मैदानात या."

"रिकाम्या मैदानात काय बघायचं, मॅडम?"

"कोण कुठं बसतं ते."

मंगळवारी मैदानात शेळ्या होत्या आणि पोरांचं क्रिकेट होतं. दोन्ही हुसकावून लावलं. जमीन सपाट, मोकळी, एक रेघ नाही. सगळ्या बायका शाळेच्या वऱ्हांड्यात बसवल्या. बाईंनी कॉलेजातून कबड्डीच्या मैदानावर रेघा मारायची पांढरी फक्की मागवली होती. ती आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि नोंद करायला आवडेल की मी ती बरोबर आणली. येताना थोडी डोक्यावर सांडली एवढंच.

नावांच्या चिठ्ठ्या बीडीओंनी स्वतः आपल्या टोपीत टाकल्या. ज्या बाईचं नाव निघेल तिनं ओंजळभर फक्की घ्यायची, मैदानात जायचं, आपल्या जागेभोवती चौकोन ओढायचा आणि तिथं उभं राहायचं. कुणी कुणाला सांगायचं नाही.

पहिलं नाव मार्थामावशीचं निघालं. ती मोबाईल कानाला लावून, घरी भाजी कोणती करायची यावरून सुनेला झापत, मैदानाच्या मधोमध चालत गेली, बोलणं न थांबवता चौकोन ओढला आणि पदर खोचून उभी राहिली. मग एक पार टाकीखाली. मग एक म्हसोबाच्या दगडापाशी. एक इकडे, एक तिकडे. सरपंच हसून म्हणाले, "कांद्याची लावनी बरी ह्याच्यापरास." आणि खरंच सुरुवातीला तसंच दिसत होतं. 

पण नावं निघत राहिली. ताराबाई आली, थेट मार्थामावशीच्या पलीकडे गेली आणि मध्ये एक पोतं मावेल एवढं अंतर सोडून चौकोन ओढला. लसूणवाली तिच्या मागं. अंडीवाली कडुनिंबाच्या सावलीत, कारण अंड्यांना ऊन सोसत नाही. एकीच्या रेघेला दुसरीची रेघ येऊन भिडत होती, आणि माणसाला चालायला जेवढी वाट लागते तेवढीच वाट आपोआप मध्ये उरत होती. बघता बघता रिकाम्या मैदानात बाजार उमटला. भाजी नाही, तराजू नाही, आरडाओरड नाही, नुसत्या पांढऱ्या रेघा आणि रेघांत उभ्या बायका. सरपंचांचं हसू बारीक झालं. बीडीओ टोपी हातात धरून रांगांमधून चालत होते, आणि मी पाहिलं, ते रेघेवर पाय देत नव्हते.

आणि तेवढ्यात घोळ झाला. पापडवाली धाकटी जाऊ आली ती तिच्या थोरल्या जावेनं ओढलेल्या चौकोनावरच फक्की टाकायला लागली.

"ए, सरक! दिसत न्हाई का, उभी हाय मी!" थोरली ओरडली.

"माझी जागा हाय. का म्हनून सरकू?"

"तुझी? तोंड बघ!"

"झालं!" सरपंच टाळी वाजवून म्हणाले. "निघालं का, साहेब? एका जागंवर दोघी. ह्याला काय ठरल्याली जागा म्हनायचं?"

बीडीओ थांबले. मी बाईंकडे पाहिलं. माझ्या नकाशानं त्या खचल्या नव्हत्या, पण आता त्यांचा चेहरा मला वाचता येईना. त्या हळूहळू चालत गेल्या. दोघी जावा तोंडं फिरवून उभ्या. बाईंनी भांडण सोडवलं नाही, कुणाची बाजू घेतली नाही. फक्त विचारलं,

"पुढचा शुक्रवार कोणाचा?"

थोरलीनं तोंड न वळवताच बोट दाखवलं. "हिचा."

"माझा," धाकटी म्हणाली. "त्याच्या फुडला तिचा."

सासू एक, सुना दोन, जागा एक. सासूनं मरताना वाटून दिली होती: एक शुक्रवार आड. आज मंगळवार, म्हणजे आज दोघींचीही नाही आणि दोघींचीही आहे. आम्ही रिकामा दिवस निवडला म्हणून दोघी समोरासमोर आल्या. एरवी बाजारात त्यांची गाठच पडत नसे.

"हे कुठं लिहून ठेवलंय?" बीडीओंनी विचारलं.

थोरली चकित झाली. "लिवायचं कशाला, साहेब? शुक्रवार काय हरवतो का?"

"साहेब," बाई म्हणाल्या, "या दोघी दिवाळीपासून एकमेकींशी बोलत नाहीत. चूल वेगळी झाली, पण शुक्रवार अजून चुकलेला नाही. याला तुमच्या कायद्यात काय म्हणतात?"

बीडीओंनी हातातली रिकामी टोपी झटकली. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "वहिवाट," ते म्हणाले.

त्या एका शब्दावर मैदानात जो कालवा झाला, तसा मी भरल्या बाजारातसुद्धा ऐकला नव्हता. मार्थामावशी "येशूची किरपा!" म्हणून ओरडली, ताराबाईनं म्हसोबाला हात जोडले, आणि दोघी जावा चुकून एकमेकींकडे बघून हसल्या, मग ध्यानात आल्यावर पुन्हा तोंडं फिरवली. मी आनंदानं उडी मारली ती नेमकी लसूणवालीच्या चौकोनात. तिनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. सरपंच खरे गडी निघाले. त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना जिलेबी मागवली आणि म्हणाले, "आता वट्टे ह्याच रेघांवर बांधतो. पर फक्की पुसायच्या आत फोटू काढून घ्या, सरांच्या रंगीत पेन्सिली नगं." तेव्हापासून भिंत सामाईक असूनही आमचं बरं चाललंय.

बीडीओ निघता निघता थांबले. मार्थामावशी आणि ताराबाई यांच्या मधलं ते पोतंभर अंतर तसंच रिकामं होतं. "ही जागा कोणाची राहिली?"

"बाईंची," ताराबाई म्हणाली.

"माझी कुठली?" बाई म्हणाल्या. "मी तुझ्या जागेवर बसले होते, तू लेकीकडे गेलीस तेव्हा."

"पैल्यांदा. मग मी आल्याव तुमी उठलात का? बसूनच ऱ्हायलात की, इचारत. कांदा कुठून येतो, सासू कवा गेली. मग मी जरा सरकले, मार्था जरा सरकली. झाली जागा."

लेकीला जागा नसते म्हणून एका बाजारातून उठवलेल्या बाई तिथं उभ्या राहिल्या.  मी फक्कीचं घमेलं पुढं केलं. त्यांनी मूठ भरली, वाकल्या आणि चौकोन ओढला. जन्मभर माझ्या आलेखांच्या रेषा सरळ करून घेणाऱ्या बाईंचा चौकोन चांगलाच वाकडा आला. मी काही बोललो नाही. कुठं बोलायचं नसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जमलं.

ओटे त्याच रेघांवर झाले. बाईंचा ओटा जरा वाकडा आहे, गवंड्यानं रेघ सोडली नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात मैदानाचा फोटो आहे, आणि 'ऐकीव' हा शब्द त्यानंतर कुठल्या परीक्षणात आला नाही. बाई शेवटपर्यंत दर शुक्रवारी त्या ओट्यावर बसल्या. मेथी नाही. लाल मिरची. वजन पक्कं, भाव वाजवी, आणि गिऱ्हाइकाला सतराशे प्रश्न.

बाई गेल्या त्या आठवड्यात मार्थामावशी आणि ताराबाई कॉलेजात आल्या, थेट विभागात. त्याच टेबलाशी आता मी बसतो.

"सर, बाईंची सून कोन?" मार्थामावशीनं विचारलं.

"मावशी, बाईंनी लग्नच केलं नव्हतं."

"त्ये आमाला म्हाईत हाय. सून कोन, ते इचारतोय. जागा रिकामी ठिवायची न्हाई."

 ताराबाईनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "बाईंची पिशवी कोन उचलायचं?"

"मी."

"बाईंची बोलनी कोन खायचं?"

"मीच."

"बाईंनी सांगितल्यालं काम इस्कटून कोन ठिवायचं?"

मी मान खाली घातली.

"मग?" ती म्हणाली. "चांगली सून असती तशीच हायसा की. शुक्रवारी या."

म्हणून आता शेवटचा तास संपला की शुक्रवारी मी बाईंचं गोणपाट त्या वाकड्या ओट्यावर अंथरतो आणि मिरचीची पाटी मांडतो. अख्ख्या बाजारात मिशीवाली सून मी एकटाच. पहिल्या दिवशी आधी ओटा झटकला. पाटी मांडली, पोतं सारखं केलं, बसलो, कोण कुठं बसलंय ते एकदा सगळीकडे पाहिलं. एवढ्यात डावीकडून मार्थामावशीचा आवाज आला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.

"ओ सूनबाई! पाटी अलीकडं घ्या. माझ्यात आली."